कळपाबाहेरचं मेंढरू



परवा एक विद्यार्थिनी नोकरीचा अर्ज दाखवायला आली. त्यात आपल्या मार्गदर्शक बाईंना तिनं ‘इग्रीजस’ हे इंग्रजी विशेषण लावलं होतं. मी विचारलं, “अगं, बाईंनी तुझं काय वाकडं केलंय?” तर म्हणाली, “सर, कळपातून उठून दिसणाऱ्या! मी व्युत्पत्ती बघूनच लिहिलंय.”

व्युत्पत्ती तिनं बरोबर बघितली होती. लॅटिनमध्ये ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. इग्रीजस म्हणजे त्या कळपाबाहेरचा. तुमच्या गुणपत्रिकेतलं ‘ॲग्रिगेट’ही याच कळपातलं. पण आज इंग्रजीत इग्रीजस म्हणजे डोळ्यांत खुपण्याइतका वाईट. तो बसतो चूक, अन्याय, नियमभंग असल्यांच्या शेजारी. म्हणून सांगतो, शब्दाचं कूळ बघा, पण आधी संगत बघा.

धनगराचा कळप डोळ्यांपुढं आणा. एक देखणा मेंढा धनगरानं बाजूला काढलाय, तो कळपाबाहेर. दुसरं मेंढरू कुणाच्या उभ्या ज्वारीत शिरलंय, तेही कळपाबाहेरच! नुसतं ‘कळपाबाहेर’ म्हटल्यानं कौतुक करायचं की काठी उगारायची, हे कळत नाही. मेंढरू उभं कुठं आहे, ते बघावं लागतं.

इंग्रजीत हे मेंढरू दोन्हीकडं उभं राहिलेलं आहे. १५९० साली छापलेल्या ‘टॅम्बरलेन’ नाटकात मार्लोनं ते मांडलिक राजांच्या गौरवाला लावलं. शेक्सपिअरच्या ‘सिंबेलीन’मध्ये ते खुनी माणसाला लागलं. पुढं गौरव गेला, ज्वारी राहिली. इटालियनमध्ये मात्र ‘एग्रेजिओ’ अजूनही पत्राच्या मायन्यात आदरानं येतो.

अर्थ असा का उलटला? बहुधा उपहासानं. आपण नाही म्हणत, “काय दिवे लावलेस!” किंवा “चिरंजीवांचे प्रताप ऐकलेत का?” दिवे चांगले, प्रतापही चांगला, पण ऐकणारा मान खाली घालतो. इग्रीजसचा उपहास इतका मुरला, की स्तुती पार विरून गेली. उलटी वाटही आहे. मनुस्मृतीत ‘साहस’ हा बळजबरीचा गुन्हा आहे. आज आपण मुलांना साहस शिबिराला पाठवतो, वर फीही भरतो!

एक पुन्हा सांगतो. कोशात पहिल्या ओळीवर थांबू नका. खाली उदाहरणं दिलेली असतात, त्यांत शब्द कुणाशेजारी बसलाय ते वाचा. आणि तरीही शंका राहिली, तर आपल्या बाईंना सरळ ‘उत्तम शिक्षिका’ म्हणा.