दिव्यामागचा मजूर
(रौप्यमहोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आज या मंडपांतील रोषणाई पाहून आपणां सर्वांचीं मनें प्रसन्न झालीं असतील. आम्हांस मात्र ती पाहतां पाहतां एक प्रश्न सुचला. उत्सवाच्या दिवशीं तो विचारतों, याबद्दल क्षमा असावी. हा उजेड येतो कोठून? आपल्या देशांतील शेंकडा ७० च्या आसपास वीज अजूनही कोळशाचीच आहे.

हा कोळसा एके दिवशीं सुटणार, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. ज्या इंग्लंडांत सन १८८२ मध्यें, लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्ट येथें, कोळशावरील पहिलें सार्वजनिक वीजघर सुरू झालें, त्याच इंग्लंडांत ३० सप्टेंबर २०२४ रोजीं रॅटक्लिफ येथील शेवटचें वीजघर बंद झालें. त्याची जागा वाऱ्यानें, सूर्यानें आणि, खरें सांगावयाचें तर, बऱ्याच अंशीं नैसर्गिक वायूनेंही घेतली.

परंतु तेथील खाणमजुरांचें काय झालें? सन १९८४-८५ चा त्यांचा संप जवळजवळ वर्षभर चालला व फसला. पुढें खाणींमागून खाणी मिटल्या, आणि ज्या गांवांस खाणीवांचून दुसरी भाकरी ठाऊक नव्हती, तेथें तरुण मुलें रिकामीं बसलीं. त्या खाणी पवनचक्क्यांसाठीं मिटल्या नव्हत्या, जमाखर्चाच्या वहीसाठीं मिटल्या, हें आम्ही जाणतों. पण ज्याची चूल विझली, त्यास या भेदाचें काय होय? उलट रॅटक्लिफच्या कामगारांस पुष्कळ आधीं सूचना मिळाली व दुसरें काम शिकण्याची सोय झाली.

आपल्या महाराष्ट्रांत चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर या बाजूस हजारों घरें कोळशावर जगतात. त्यांत ठेकेदाराकडील मजुरास तर निवृत्तिवेतनही नाहीं असें कितीदां तरी घडतें. सन २०७० पर्यंत कार्बनचें निव्वळ उत्सर्जन शून्य करूं, असें भारतानें २०२१ मध्यें ग्लासगो येथें जाहीर केलें. मुदत लांबची वाटते. तथापि यंदा आपल्या देवळांत ज्या बालकांचा बाप्तिस्मा झाला, तीं तेव्हां ऐन संसारांत असतील.

पोप लिओ तेरावे यांनीं १८९१ मध्यें कामगारांविषयीं परिपत्रक लिहिलें. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ मध्यें सृष्टीविषयीं लिहिलें, व कोळसा-तेलाची जागा विनाविलंब दुसऱ्या साधनांनीं घ्यावी असें सांगितलें. हीं दोन्हीं आम्ही शेजारीं ठेवून वाचतों.

धर्मग्रामाच्या सभागृहावर सौरपट्ट बसविण्याचा ठराव आपणांपुढें येत आहे. त्यास आमचा पूर्ण पाठिंबा आहे. विनंती इतकीच, कीं विजेच्या देयकांत जी बचत होईल, तिचा कांहीं भाग चंद्रपूरकडील एखाद्या खाणमजुराच्या मुलामुलीच्या शिक्षणासाठीं दरवर्षीं वेगळा काढावा. रक्कम किती, तें आपण ठरवावें.