राउटरसाठी सर्व्हरची निवड : काटकसर आणि कार्यक्षमता



मामलेदार कचेरीत जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणावयास गेलेल्या ग्रामस्थाला ‘नेट बंद आहे, उद्या या’ असे उत्तर मिळाले, तर त्याची एका दिवसाची मजुरी बुडते. हे नेट ज्या यंत्रावर अवलंबून असते, त्या राउटरची निवड हा म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचा विषय नव्हे.

राउटर म्हणजे संगणकांच्या जाळ्यातील टपाल-वर्गीकरणाची कचेरी होय. माहितीचे प्रत्येक पाकीट, म्हणजे पॅकेट, कोणत्या वाटेने धाडावे हे तो ठरवितो. या कामासाठी खास घडविलेली यंत्रे मिळतात. तद्वतच साध्या सर्व्हरवर लिनक्स किंवा फ्रीबीएसडी ही प्रणाली आणि बर्ड वा एफआरआर यांसारखी मुक्त सॉफ्टवेअरे बसवूनही राउटर सिद्ध करता येतो. ही कल्पना नवी नाही. 1969 साली अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावर पॅकेटे पुढे धाडण्याचे काम हनीवेल 516 या सर्वसाधारण संगणकाकडेच सोपविले होते.

या पद्धतीचा लाभ 12 ऑगस्ट 2014 रोजी जगाच्या ध्यानी आला. त्या दिवशी इंटरनेटवरील मार्गांच्या यादीने सुमारे पाच लाख बारा हजारांचा टप्पा ओलांडला, काही जुन्या राउटरांच्या खास स्मृतीची मर्यादा संपली आणि अनेक ठिकाणी सेवा विस्कळीत झाली. आज ही संख्या दहा लाखांच्या आसपास आहे. सर्व्हरवरील राउटरला अशी संपूर्ण यादी काही जीबी मेमरीत सामावून घेता येते, आणि गरज वाढल्यास मेमरीही वाढविता येते.

तथापि सर्व्हर कोणताही चालेल, असे मात्र नाही. दहा गिगाबिटच्या वाहिनीवरून सर्वांत लहान पॅकेटे आली, तर दर सेकंदास सुमारे 1 कोटी 48 लाख पॅकेटे हाताळावी लागतात. प्रत्येकाच्या वाट्यास अवघे 67 नॅनोसेकंद येतात. तीन गिगाहर्ट्‌झ वेगाच्या प्रोसेसरच्या एका कोअरला तेवढ्या वेळात केवळ दोनशे ठोके मिळतात, आणि मुख्य मेमरीतून एकदा माहिती आणण्यातच जवळजवळ तेवढा काळ खर्ची पडतो. सबब, निव्वळ कोअरची संख्या मोजून खरेदी करू नये. एका प्रवाहाची पॅकेटे सामान्यतः एकाच कोअरकडे जातात; तो कोअर मंद असेल, तर शेजारचे पंधरा रिकामे असूनही उपयोग होत नाही. प्रत्येक कोअरचा वेग आणि त्याच्या निकटची कॅशे मेमरी यांस अग्रक्रम द्यावा.

प्रोसेसरइतकेच महत्त्व नेटवर्क कार्डाला आहे. येणारी पॅकेटे निरनिराळ्या रांगांत विभागून वेगवेगळ्या कोअरांना देणारे आणि आपल्या प्रणालीत ज्याचा ड्रायव्हर चांगला रुळला आहे, असेच कार्ड घ्यावे. दोन प्रोसेसरांच्या सर्व्हरमध्ये कार्ड एकास जोडलेले आणि काम दुसऱ्याकडे, असे झाल्यास वेळ वाया जातो. म्हणून बहुतेक ठिकाणी एकच पण वेगवान प्रोसेसर श्रेयस्कर ठरतो. गुप्तसंकेतांनी बांधलेली व्हीपीएन सेवा चालवावयाची असेल, तर एईएस संकेतनाची सोय प्रोसेसरमध्येच असावी.

चूक आपोआप सुधारणारी ईसीसी मेमरी आणि दोन वीजपुरवठे या बाबींत काटकसर करू नये. मोठी डिस्क मात्र राउटरला लागत नाही. सर्ट-इनच्या 2022 सालच्या निर्देशांनुसार नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात. त्या स्वतंत्र यंत्रावर ठेवणे इष्ट होय.

याउलट, ज्या शाळेची वाहिनी शंभर मेगाबिटची आहे, तिने भारी सर्व्हर घेणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! शंभर वॅट घेणारे यंत्र अहोरात्र चालले, तर वर्षास 876 युनिट वीज जाळते. अशा शाळेस पंख्याविना चालणारा छोटा संगणक पुरेसा आहे.

निविदा काढताना म्हणूनच किती गिगाबिट एवढेच न लिहिता, लहान पॅकेटांवर दर सेकंदास किती पॅकेटे, आणि तीही संरक्षक नियम चालू असताना, असे लिहावे. खरेदीपूर्वी प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. तसेच मुक्त सॉफ्टवेअरला किंमत पडत नसली, तरी ते अद्ययावत ठेवणारा प्रशिक्षित माणूस लागतो. तसा माणूस नसेल, तर देखभालीच्या करारासह तयार यंत्र घेणेच शहाणपणाचे ठरेल. शक्य तेथे दोन सारखे सर्व्हर ठेवावेत. एक बिघडताच दुसरा आपोआप काम उचलतो.

यंत्र जनतेच्या पैशातून येते. त्याची खरी परीक्षा कागदावरील आकड्यांत नसून, कचेरीच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला त्याच दिवशी उतारा मिळतो की नाही, यात आहे.