मोर्चा, पाइपलाइन आणि २१ दिवस

आज बोलूया जमिनीबद्दल.

१६ जानेवारीला मी जासईला गेलो होतो, हुतात्म्यांच्या अभिवादनाला. पनवेलहून उरणकडे जाताना लागतं ते गाव. १९८४ साली सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारीला गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले, ते या लढ्यामुळे.

गर्दीत माझ्या शेजारी एक पोरगा उभा होता. म्हणाला, "दादा, आमच्या शेतातून तेलाची पाइपलाइन जाणार म्हणतात. मोर्चा कधी काढायचा?" बाजूचे एक काका म्हणाले, "मोर्चा काढू रे. आधी नोटिशीची तारीख बघ."

काकांचं म्हणणं नीट समजून घ्या. सिडकोने जमीनच घेतली होती. पाइपलाइनचं तसं नसतं. त्यासाठी १९६२ चा वेगळा केंद्रीय कायदा आहे. त्यात जमीन तुमच्याच नावावर राहते, सरकार घेतं फक्त 'वापराचा हक्क'. ऐकायला बरं वाटतं ना? पण त्या पट्ट्यात तुम्हाला घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळं खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. भातशेती करता येते. आंब्याची कलमं मात्र विसरायची. आणि मोबदला? पिकाचं, झाडांचं नुकसान झालं तर त्याची भरपाई, आणि वर जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. पनवेलमध्ये गुंठ्याचे भाव कुठे गेलेत, तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे बांधकामाची आशा संपली, आणि हातात आला दहावा हिस्सा.

हरकत घ्यायला मुदत किती? अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवस. हरकत लेखी द्यायची, सक्षम प्राधिकाऱ्याकडे. मग सुनावणी होते. स्वतः जा नाहीतर वकील पाठवा. घोषणा कितीही जोरात दिल्या, तरी कायद्याच्या लेखी ती हरकत होत नाही.

म्हणून मोर्चाला जाऊ नका, असं मी म्हणत नाहीये. साडेबारा टक्के नुसत्या अर्जाने आले नसते. एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो. गाव मागे असलं की तीच फाइल हलते. पण अर्जच नसेल, तर गाव हलवणार काय?

तेव्हा आज घरी एकच विचारा: आपल्या सातबाऱ्यावर नावं कोणाची आहेत? आजोबांचंच असेल, तर वारस नोंद आधी करून घ्या. ऐकत राहा, भेटू पुढच्या भागात!