पंखा मंदावतो तेव्हां

निवडणुकीच्या दिवसांत भंडाऱ्याकडील एखाद्या गांवीं शाळेच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरतें, तेव्हां पुढाऱ्यापेक्षां त्या यंत्रालाच पाहण्यासाठीं अधिक गर्दी जमते, असें म्हटल्यास पुढाऱ्यांनीं रागावूं नये. पदर आणि टोप्या सांवरीत उभे असलेले ते लोक वरचा पंखा पाहत असतात. मला मात्र आज आपणांस त्या पंख्याचा आवाज ऐकावयास सांगावयाचें आहे. आणि नभोवाणीवरून आवाजाखेरीज दुसरें दाखवितां तरी काय येणार?

हेलिकॉप्टरचीं पातीं म्हणजे त्याचे पंखच. विमान आपले पंख घेऊन हवेतून धांवतें. येथें पंख स्वतःच गरगरा धांवतात. वैमानिकाच्या डाव्या हाताशीं एक दांडा असतो. तो वर उचलला कीं सर्व पात्यांचा तिरपेपणा वाढतो व यंत्र वर चढतें. परंतु अधिक तिरप्या पात्यांस हवा अधिक अडविते. त्यांचा वेग राखावयाचा, तर इंजिनानें अधिक जोर लावला पाहिजे. म्हणून त्याच दांड्याच्या टोंकाशीं, मोटारसायकलच्या मुठीसारखी, पिळावयाची मूठ बसविलेली असते. तिला थ्रॉटल म्हणतात. दांडा किती उचलावा आणि मूठ किती पिळावी, हा हिशेब जमला कीं निम्मी विद्या हातीं आली.

हा हिशेब चुकला तर काय होतें? कुंभाराचें चाक आठवा. मातीवर हात जड पडला तर चाक मंदावतें. मंदावलेल्या चाकावर हात अधिकच दाबला तर तें थांबतें. पात्यांची उचल त्यांच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. वेग 10 टक्के उतरला तर उचल 19 टक्के उतरते. वेग 20 टक्के उतरला तर उचल 36 टक्के. यंत्र खालीं बसूं लागतें, आणि नेमक्या याच क्षणीं मनुष्याचा हात त्याचा शत्रु होतो. खालीं जात आहों म्हणून तो दांडा वर ओढतो. पातीं अधिक तिरपीं होतात, वेग अधिक उतरतो, आणि एका मर्यादेखालीं पातीं हवेस धरीतच नाहींत. तेथून परत येण्याची वाट नसते. खरा उपाय उलट आहे: मूठ पिळावयाची आणि दांडा खालीं करावयाचा. पडत असतां पडण्यास साहाय्य करण्यासारखेंच हें दिसतें. म्हणून तें केवळ सांगून भागत नाहीं.

शिकविणारा प्रथम भरपूर उंची गांठतो. गेलेला वेग परत मिळवितांना थोडी उंची खर्चावी लागते, आणि जमिनीलगत खर्चावयास गांठीं कांहीं नसतें. शिष्य बाहेर पाहत असतां गुरु हळूच मूठ सैल करतो. शिष्यानें मूठ आणि दांडा या दोहोंच्या क्रिया एकाच हातानें, एकाच वेळीं करावयाच्या. यंत्र पुढें जात असेल, तर उजव्या हातांतील दांडी किंचित् मागें घेतल्यानेंही पात्यांस गति मिळते. हें पुनःपुन्हां करावयाचें. ‘समजलें’ या शब्दाला येथें किंमत नाहीं. हाताला समजलें पाहिजे.

हातापूर्वीं कानाला. रॉबिन्सन आर-22 या शिक्षणासाठीं फार वापरल्या गेलेल्या दोन आसनी हेलिकॉप्टरचा पंखा सामान्यतः वेगमापकावर 104 टक्के दाखवितो, आणि 97 ला धोक्याचा भोंगा वाजतो. एवढा उतार म्हणजे हार्मोनियमवर षड्जावरून शेजारच्या खालच्या शुद्ध निषादावर येण्याहून किंचित् अधिक. ज्या घरांत सकाळीं तंबोरा लागतो, तेथील मुलास भोंग्याची वाट पाहावी लागूं नये. या यंत्राचीं पातीं हलकीं असल्यानें त्यांचा वेग झटकन् उतरतो; त्याच्या अपघातांनंतर 1995 सालीं अमेरिकेनें या विषयाचें खास शिक्षण सक्तीचें केलें.

आपल्याकडे काय? गोंदिया 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यांत होतें. तेथील बिरसीच्या धांवपट्टीवर वैमानिक शिकत आले आहेत, पण ते अचल पंखांच्या विमानांचे. हेलिकॉप्टरसाठीं नाशिकला जावें लागतें; तेथें गांधीनगरास भूसेनेच्या वैमानिकांची शाळा 2003 सालीं निघाली. चेतक, चीता यांसारख्या यंत्रांत पंख्याचा वेग राखण्याचें काम एक स्वयंचलित योजना करते. मग मुठीची चिंता कशाला, असें कोणी विचारील. ती योजना इंजिनाकडे असलेला जोर मागून घेते. नसलेला निर्माण करीत नाहीं. इंजिन सर्वस्व देऊन बसलें असतां दांडा आणखी उचलला, तर त्याची किंमत पंख्याच्या वेगांतून वसूल होते.

आणि इंजिनाचें सर्वस्व आमच्या उन्हाळ्यांत लवकर संपतें. भंडारा समुद्रसपाटीपासून सुमारें 800 फूट उंचीवर आहे. परंतु पारा 45 अंशांवर गेला म्हणजे हवा इतकी विरळ होते, कीं हेलिकॉप्टरच्या हिशेबीं तें साडेचार हजार फुटांवर, म्हणजे महाबळेश्वराच्या उंचीवर असतें. थंडावा तेवढा मिळत नाहीं! 25 मे 2017 रोजीं लातूर जिल्ह्यांत निलंगा येथें तेव्हांचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचें हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच खालीं येऊन विजेच्या तारांत सांपडलें. सुदैवानें सर्वजण बचावले. जमिनीलगतचे ते क्षण किती अल्प असतात, हें तेव्हां अनेकांनीं चलच्चित्रांत पाहिलें.

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेचें पाणी भंडारा शहरांत शिरलें होतें. अशा पुरांत छपरावरील माणसांस उचलावयाचें, तर यंत्रास जागच्या जागीं तरंगत राहावें लागतें. त्यालाच जोर सर्वांत अधिक लागतो, आणि खालीं उंची तर नसतेच. छपरावर अजून कोणी हात पसरून उभा असतो. इंजिनाचा जोर किती शिल्लक आहे, हें पाहूनच वैमानिकास ठरवावें लागतें, कीं त्याला आंत घ्यावयाचें, कीं दुसऱ्या खेपेस येतों असें खुणेनें सांगावयाचें.