‘असली तरी’



मी भिलाईत, स्मृति नगरमध्ये राहते. २२ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. आता दर रविवारी सकाळी आमच्या घरी गल्लीतली दहा-बारा मुलं जमतात, त्यांना गोष्टी सांगते. आज मला बोलायचंय ते वर्णभेदाबद्दल. कातडीच्या रंगावरून माणसाची पायरी ठरवतात, ही गोष्ट मुलांशी कशी बोलावी याबद्दल.

विषय काढला की मोठी माणसं म्हणतात, “अहो, ते अमेरिकेतलं. आपल्या पोरांच्या डोक्यात कशाला घालायचं?” पण ते डोक्यात आधीच गेलेलं असतं. मे २०२० मध्ये मिनियापोलिसला एका गोऱ्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा दाबून धरला आणि तो माणूस गेला. ती चित्रफीत मुलांनी घरातल्या फोनवर पाहिली होती. पुढे एकदा नऊ वर्षांच्या एका मुलीने मला विचारलं, “आंटी, हम लोग गोरे हैं कि काले?”

तिला रंगाचं नाव नको होतं. आपण गुडघ्याच्या बाजूला आहोत की मानेच्या, हे तिला कळायला हवं होतं. या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर आधी आपलं घर बघावं लागतं.

आमच्या गावाचं थोडं सांगते. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ मध्ये इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशभरातून माणसं आली. आंध्रातून, केरळातून, बंगाल-पंजाबातून, आमच्यासारखी विदर्भातूनही. भिलाईला लोक कौतुकाने ‘मिनी इंडिया’ म्हणतात. माझ्याकडे येणारी मुलं ओणमही जाणतात आणि दुर्गापूजाही. पण हीच मुलं भांडताना एकमेकांना ‘आदिवासी’ म्हणतात, शिवी म्हणून. ज्या गावांच्या जमिनीवर हा कारखाना उभा राहिला, तिथल्या माणसांसारखं बोलणं म्हणजे ‘देहाती’. हे त्यांना कोणत्या पुस्तकाने शिकवलं? कोणत्याच नाही.

१९४० च्या दशकात अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ जोडप्याने तीन ते सात वर्षांच्या मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. सगळ्या सारख्या, फक्त रंग वेगळा. विचारलं, छान कोणती? वाईट कोणती? बहुतेक कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली छान म्हणून दाखवली. मग विचारलं, तुझ्यासारखी कोणती? तेव्हा काही मुलं रडू लागली. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनेविरुद्ध ठरवल्या, त्या निकालात या अभ्यासाचा उल्लेख आहे.

त्या मुलांना हे कोणी बसवून शिकवलं नव्हतं, आणि आपणही शिकवत नाही. आपण फक्त बोलत असतो. “उन्हात खेळू नको, काळी पडशील.” “मुलगी काळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे.” यातलं ‘असली तरी’ ऐका. बोलणाऱ्याला वाटतं आपण कौतुकच केलं. ऐकणारी सहा वर्षांची मुलगी मात्र एवढंच उचलते की काळं असणं हा एक दोष आहे, आणि तो दुसऱ्या कशाने तरी भरून काढायचा असतो. मग हेच ‘असली तरी’ आपण गावाला लावतो, जातीला लावतो, भाषेला लावतो.

मग मुलांशी बोलायचं काय? मी क्रमाने सांगते.

आधी रंग म्हणजे काय ते सांगावं. आम्हाला हे सोपं जातं, कारण आमच्याकडे मैत्रीबाग आहे आणि मैत्रीबागेत पांढरे वाघ आहेत. मुलांना वाटतं ती वाघाची वेगळी जात आहे. तसं नाही, तोही आपला पट्टेवालाच वाघ. एका जनुकातल्या एका छोट्याशा बदलामुळे त्याचा पिवळा रंग उमटत नाही, हे संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं. गंमत अशी, की त्याच जनुकातला दुसरा एक बदल युरोपातल्या लोकांच्या उजळ कातडीमागच्या कारणांपैकी एक आहे. मी मुलांना विचारते, “मग पांढरा वाघ पिवळ्या वाघाचा साहेब झाला का?” सगळी हसतात. मग सांगते, की कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी सगळ्या माणसांत साधारण सारख्याच असतात. कोणाच्या पेशी जास्त रंग बनवतात, कोणाच्या कमी. आणि हा रंग म्हणजे उन्हातली छत्री.

यावर एक मुलगा म्हणाला, “तो फिर गोरे साहब कैसे बन गए?” योग्य प्रश्न होता. इथे बरेच पालक थांबतात आणि “सगळे समान असतात, बेटा” म्हणून विषय मिटवतात. थांबू नये. समान असतात हे खरं, पण समान वागवलं गेलं नाही हेही खरं. चारेकशे वर्षांत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून अटलांटिकपार जाणाऱ्या जहाजांत कोंबली गेली. माणूस विकून पैसा करायचा तर मनाला काहीतरी समजूत घालावी लागते. मग ‘ही माणसं मुळातच खालची’ असं सांगणारी पुस्तकं निघाली, प्रवचनं झाली, कायदे झाले. गोरा जन्मतःच श्रेष्ठ, हा दावा असा रुजला. दहा वर्षांच्या मुलाला हे कळतं. दुसऱ्याची बॅट हिसकावणारा म्हणतोच ना, “त्याला कुठे खेळता येतं!”

आणि मग घरचं. हे टाळलं तर बाकी सगळं फुकट. आपल्याकडे ही पायरी जातीने लावली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सज्जनांना, ज्यांनी तिथल्या कृष्णवर्णीयांना गुलामीतून सोडवण्यासाठी झीज सोसली त्यांना. पुण्यात बसलेल्या माणसाला ते दुःख ओळखीचं वाटलं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांनी वाचलं होतं, त्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या.

पण वर्णभेद आणि जातिभेद एकच, असं मी मुलांना सांगत नाही. त्याऐवजी १९०१ सालची गोष्ट सांगते. नऊ वर्षांचा भीम आपल्या भावंडांबरोबर वडिलांना भेटायला साताऱ्याहून कोरेगावला निघाला. मुलं नीटनेटक्या कपड्यांत होती. मसूरच्या स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणांची वाटली, तो आपुलकीने बोलला. जात विचारली आणि उत्तर ऐकताच तो मागे सरला. गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. रात्रभर मुलांना प्यायला पाणी मिळालं नाही. मी विचारते, “स्टेशनमास्तरला आधी काय दिसलं?” मुलं म्हणतात, “अच्छे बच्चे.” “आणि नंतर?” कोणी बोलत नाही. रंग दिसतो, जात विचारावी लागते. म्हणून आपल्याकडे ‘आडनाव काय?’ हा प्रश्न साधा नसतो, हे मुलांना कळायला हवं.

आता थोडं रोजच्या बोलण्याबद्दल. मूल घाणेरडं काही बोललं तर आधी चापट मारू नका. विचारा, “हे कुठे ऐकलंस?” उत्तर अनेकदा आपल्याच घरात सापडतं. आणि मूल रडत आलं, “मला काळी म्हणाले,” तर “तू काही एवढी काळी नाहीस” असं चुकूनही म्हणू नका. त्याचा अर्थ, काळं असणं वाईटच, फक्त तू थोडक्यात वाचलीस. सरळ म्हणा, “हो, तुझा रंग काळा आहे, माझ्या आईचाही होता. चिडवणाऱ्याचं चुकलं, आणि त्याच्याशी मी बोलणार आहे.” मग खरंच बोला.

एक गोष्ट मी पालकांनाही सांगते. १४ नोव्हेंबर १९६० ला न्यू ऑर्लिन्समध्ये सहा वर्षांची रूबी ब्रिजेस गोऱ्यांच्या शाळेत गेली. सोबत सरकारी मार्शल, बाहेर ओरडणारा जमाव. गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून घेतली. बार्बरा हेन्री नावाच्या बाईंनी वर्षभर त्या एकटीला वर्गात शिकवलं. मुलं रूबी होतात, कोणी बाई होतात. पालकांना मी विचारते, “त्या जमावात कोण होतं?” आईबाप होते. त्यांचंही आपल्या मुलांवर प्रेम होतं. त्यांना वाटत होतं, ते मुलांच्या भल्यासाठीच ओरडताहेत.

आपण कधी मानेच्या बाजूलाही असतो. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीत एका टोळीने भारतीयांना शहरातून हाकलायची धमकी दिली. स्वतःला नाव घेतलं ‘डॉटबस्टर्स’, आपल्या बायकांच्या कपाळावरच्या टिकलीवरून. भारतीयांवर हल्ले झाले, नवरोज मोदी या तरुणाचा मारहाणीत जीव गेला. आज आमच्या गल्लीतल्या कितीतरी मुलांचे मामा-काका परदेशात आहेत. तिथे त्यांना जे सोसावं लागू नये असं वाटतं, ते आपण इथे कोणाला सोसायला लावतोय का? त्या मुलीला मी हेच उत्तर दिलं. म्हटलं, “आपण कुठे गेलो त्यावर ते ठरतं. म्हणून दोन्हीकडे डोळे उघडे ठेवायचे.”

शेवटी, मुलांना नुसतं दुःख देऊ नका. आमच्याकडे तीजनबाईंची गोष्ट ठरलेली आहे. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या, पारधी समाजातल्या. बायकांनी पंडवानी बसून गायची अशी रीत होती, त्या हातात तंबोरा घेऊन उभ्या राहून गायल्या. समाजाने वाळीत टाकलं, तरी गात राहिल्या. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. ही गोष्ट मी मुलांना परत सांगायला लावते, एका अटीवर: ‘शाळा शिकलेल्या नसल्या तरी’, ‘आदिवासी असल्या तरी’ असं कुठेही यायचं नाही.

पहिल्यांदा मुलं अडखळतात. तुम्हीही घरी करून बघा. मोठी माणसं जास्त अडखळतात.