मध्यस्थाविना विश्वास



मध्यस्थ दूर झाला, तरी विश्वासाची गरज संपत नाही. १९८७ मध्ये चंडीगड परिसरात सुरू झालेल्या ‘अपनी मंडी’त शेतकरी व ग्राहक समोरासमोर येतात, माल पारखून घेता येतो. मध्यवर्ती सर्व्हरविना परस्परांना फाईल देणाऱ्या ‘पीअर-टू-पीअर’ जाळ्यात मात्र देणारा अनोळखी असतो; फाईल बनावट किंवा व्हायरसग्रस्तही असू शकते.

यावर २००३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ‘आयगनट्रस्ट’ पद्धत मांडली. प्रत्येक संगणक आपल्या अनुभवाची नोंद ठेवतो; या नोंदी एकत्र करताना विश्वासार्ह सदस्यांच्या मताला अधिक वजन मिळते. तथापि, लबाड सदस्य संगनमताने एकमेकांची पत फुगवू शकतात. म्हणून काही सदस्य आरंभीच खात्रीचे मानावे लागतात. त्यांची निवड गणित करीत नाही. ती माणसांनाच करावी लागते.