मी वाचलेली ‘ब्राह्मणकन्या’



मी खंडाळ्याचा. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीचा घाट चढायच्या आधी लागते ते खंडाळा. बोरघाटातले थंड हवेचे खंडाळे निराळे. एवढे आधी सांगितलेले बरे. नाहीतर आमच्या गावाचे नाव काढले की लोकांना धबधबे आठवतात, आणि आमची जुनी माणसे तर पावसाची वाट पाहता पाहता म्हातारी झाली!

आज मी एका जुन्या कादंबरीविषयी बोलणार आहे. तिचे नाव ‘ब्राह्मणकन्या’. ती १९३० साली प्रसिद्ध झाली आणि लिहिली ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी. तेवीस खंडांचा ज्ञानकोश मराठीत उभा करणारा हा विद्वान गृहस्थ कादंबऱ्याही लिहीत असे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

गोष्ट थोडक्यात अशी. कालिंदी ही शिकलेली मुलगी. वडील ब्राह्मण, पण आईच्या कुळाला समाजाने बट्टा लावलेला. त्यामुळे ही म्हणायला ब्राह्मणकन्या, पण ब्राह्मणाच्या घरात सून म्हणून जाण्याची वाट बंद. ती घर सोडते आणि शिवशरणप्पा नावाच्या लिंगायत व्यापाऱ्याजवळ लग्नावाचून राहते. मूल होते. तो तिला टाकतो. आता त्या काळच्या रीतीप्रमाणे लेखकाने तिला विहिरीकडे पाठवावे की नाही? केतकर तसे करीत नाहीत. ते तिला जगायला लावतात, आणि शेवटी रामराव नावाचा मनुष्य तिचा सारा इतिहास जाणून तिच्याशी लग्न करतो.

खरे सांगायचे तर ही कादंबरी रसाळ नाही. मधूनच लेखक पात्रांना बाजूला सारतो आणि स्वतःच व्याख्यान देऊ लागतो. पण जरा नेटाने वाचावी. कारण हा माणूस ऐकीव गोष्ट सांगत नव्हता. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली. परतताना ते लंडनला राहिले. तिथे त्यांची एडिथ कोहन या जर्मन ज्यू तरुणीशी ओळख झाली. १९१२ साली केतकर हिंदुस्थानात आले. मग पहिले महायुद्ध पेटले. मध्ये समुद्र, मध्ये युद्ध, शिवाय देश निराळा, वंश निराळा, धर्म निराळा. आपण म्हणू, संपले! पण १९२० साली त्या दोघांचे लग्न झाले. व्रात्यस्तोम विधीने त्या हिंदू झाल्या आणि एडिथच्या शीलवतीबाई केतकर झाल्या. विंटरनिट्झ या पंडिताचा भारतीय वाङ्मयाचा इतिहास त्यांनी जर्मनमधून इंग्रजीत आणला, आणि पुढे आपल्या आठवणी मराठीत लिहिल्या. परक्या घरची सून या मातीत कशी रुजते, हे केतकरांनी आपल्याच घरात पाहिले होते.

ही कादंबरी मी घरी दिवेलागणीनंतर मोठ्याने वाचीत असे. आमची सौ. भाजी निवडता निवडता ऐकायची. एके दिवशी हात थांबवून तिने विचारले, “पर मी म्हनते, त्या पोरीला तिच्या मान्सांनी घरात घ्यायला नको का?”

मी पुस्तक मिटले. हा प्रश्न कालिंदीविषयी नव्हता.

माझ्या धाकट्या भावाच्या मुलीने परजातीतल्या मुलाशी लग्न केले होते. दोन वर्षांत ते मोडले आणि कडेवर पोर घेऊन ती एस.टी.तून उतरली. भावाने मला विचारले, “दादा, काय करू?” मी म्हणालो, “चार लोक काय म्हणतील त्याचा विचार कर.” मी शिक्षक! सावित्रीबाई फुल्यांचे नायगाव आमच्याच खंडाळा तालुक्यातले. फसलेल्या विधवांची बाळंतपणे सावित्रीबाईंनी केली, त्यांतल्याच एकीचा मुलगा दत्तक घेऊन त्याला डॉक्टर केले. हा धडा मी वर्षानुवर्षे मुलांकडून घोकून घेतला, आणि प्रसंग दारात आला तेव्हा ‘चार लोक’ पुढे केले. सुदैवाने माझा सल्ला घरात पोचण्यापूर्वीच भावजयीने ते पोर उचलून आत नेले होते. त्यानंतर वर्षभर मी भावाच्या घरची पायरी चढलो नाही.

पुस्तक संपले त्या रविवारी गेलो. दार पुतणीनेच उघडले. क्षणभर पाहिले आणि म्हणाली, “आण्णा, बसा की. चहा टाकते.” ती एवढेच बोलली. पोर माझ्या चपला पायात घालून अंगणात फिरत होते. ते बघत मी चहा घेतला. काय बोलावे ते काही सुचले नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, गावच्या वाचनालयात असली पुस्तके धूळ खात पडलेली असतात. ती मोठ्याने वाचा, घरातल्या बायामाणसांत बसून वाचा. व्याख्यानाची पाने हवी तर गाळा. मात्र वाचताना कोणी मध्येच प्रश्न विचारला, तर “आधी पुढचे ऐका” म्हणून त्याला गप्प करू नका. माझ्या घरी पुस्तकाचे खरे काम त्या एका प्रश्नानेच केले.